कार्बोरेटरवरचा आळ

एप्रिलच्या दुपारी खोपोलीतून बोरघाटाकडे निघालं, की जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी जुनी गाडी आजही दिसते. कधी प्रीमियर पद्मिनी, कधी ११८ एनई, कधी जुनी जिप्सी. मालक घामाघूम झालेला, भोवती चार-पाच माणसं आणि सगळ्यांचं निदान एकच: "कार्बोरेटरचा प्रॉब्लेम आहे." मग कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर काढतो आणि मिक्श्चरचा स्क्रू अर्धा फेरा आत, पाव फेरा बाहेर करत बसतो. गाडी सुरू होते किंवा होत नाही. पण त्या क्षणापासून मूळ दोष शोधणं दुप्पट अवघड होतं, कारण आता एकाचे दोन दोष झालेले असतात.

हा धडा मला माझ्या कॉन्टेसा क्लासिकनं दिला. १८१७ सीसीचं इसुझू इंजिन, ८८ अश्वशक्ती आणि दोन घशांचा कार्बोरेटर. हिंदुस्थान मोटर्सची ही गाडी तिच्या काळात दमदार म्हणूनच ओळखली जायची. माझी गाडी सपाटीला झकास चालायची, पण घाटाच्या मध्यावर पोचली की मिसिंग मारायला लागायची आणि अर्धा तास उभी केली की पुन्हा सुरळीत. दोन उन्हाळ्यांत तिचा कार्बोरेटर चार वेळा उघडला गेला. दर वेळी नवं पॅकिंग, नवी साफसफाई आणि घाटात पुन्हा तेच. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी हत्याराला हात लावण्याआधी मला बसवून विचारलं, "बंद कधी पडते? गार झाल्यावर कुणी काही न करता सुरू होते का?" गाडी त्यांनी तापू दिली आणि तापलेल्या इंजिनवरच करंट तपासला. दोष इग्निशन कॉइलचा निघाला. तापली की तिची ठिणगी मरायची. कार्बोरेटर चारही वेळा निर्दोष होता.

"काय बिघडलं?" याआधी "कधी बिघडतं?" हे विचारायचं, एवढंच मी त्यांच्याकडून शिकलो. पुढचे सगळे गैरसमज हा प्रश्न न विचारल्यामुळेच टिकून आहेत.

आपल्या कर्जत-खालापूरच्या माणसांना तर या प्रश्नाचं उत्तर शोधायला कुठं लांब जावं लागत नाही. कार्बोरेटरचं काम तसं सरळ आहे. हवा एका अरुंद गळ्यातून जाते, तिथे तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. त्या घटलेल्या दाबामुळे फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल जेटच्या छिद्रातून वर ओढलं जातं. मात्र एकच जेट सगळीकडे पुरत नाही. गाडी उभी असताना स्लो जेट, पॅडल अचानक दाबलं की ॲक्सिलरेटर पंप, जोर लागला की मेन जेट, आणि दोन घशांचा कार्बोरेटर असेल तर पूर्ण ताकदीला दुसरा घसा. आता आपला रस्ता पाहा. कर्जतहून पळसदरीमार्गे खोपोली हे पंधराएक किलोमीटर बऱ्यापैकी सपाट. खोपोलीच्या बाजारात गाडी आयडलवर सरपटते, तिथे स्लो जेटची परीक्षा होते. घाटातल्या प्रत्येक वळणानंतर पॅडल दाबावं लागतं, ती पंपाची. सलग चढ मेन जेटची, ट्रकला मागे टाकणं दुसऱ्या घशाची. आणि खंडाळ्याला चहासाठी गाडी बंद केली, की उष्णतेची परीक्षा सुरू होते. तासाभराच्या या वाटेवर कार्बोरेटरचा एकेक भाग आळीपाळीनं बोलतो. म्हणून हे गैरसमजही त्याच वाटेच्या क्रमानं घेऊ.

गैरसमज १: गाडी वापरातच नव्हती, मग बिघडेल कशी?

वस्तुस्थिती: कर्जत-खालापूरच्या फार्महाउसांवर हौसेच्या कितीतरी गाड्या जूनमध्ये झाकल्या जातात आणि दसऱ्याच्या सुमारास उघडल्या जातात. कार्बोरेटरचं सर्वाधिक नुकसान होतं ते याच चार महिन्यांत. फ्लोट चेंबरमधल्या वाटीभर पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे राहिलेलं चिकट, वार्निशसारखं द्रव्य स्लो जेटच्या बारीक छिद्रात वाळून बसतं. दसऱ्याला गाडी सुरू होते, रेस दिल्यावर उत्तम चालते, पण पाय काढला की बंद पडते. लक्षण असं स्पष्ट असेल, तर ते बहुधा स्लो जेटचंच. जुन्या मारुतींसारख्या काही गाड्यांत स्लो सर्किटवर विजेवर चालणारा सोलेनॉइड असतो. चावी फिरवल्यावर त्याचा 'टक्' आवाज येतो का, ते आधी ऐकावं. आवाज नसेल तर जेटला हात लावायची गरजच नाही. वायर आणि फ्यूज बघा.

दुसरा शत्रू टाकीत असतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेत अर्धी रिकामी टाकी बाष्प आत घेत राहते. पत्र्याच्या टाकीत गंज धरतो आणि त्याची तांबूस पूड फिल्टरवर व फ्लोटच्या सुईवर येऊन बसते. म्हणून पावसाळ्यापूर्वी टाकी गळ्यापर्यंत भरावी, म्हणजे आत हवेला जागा उरत नाही. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल मात्र काढून टाकावं, किंवा पुरवठ्याचा पाइप बंद करून ते इंजिन चालवूनच संपवावं. आणि दर पंधरा दिवसांनी गाडी चांगली गरम होईपर्यंत फिरवून आणणं हा यापेक्षाही उत्तम उपाय.

गैरसमज २: पिन किंवा तार घालून टोचलं की जेट साफ होतो.

वस्तुस्थिती: या एका सवयीनं जितके कार्बोरेटर कायमचे बिघडले, तितके क्वचितच दुसऱ्या कशानं बिघडले असतील. जेट पितळेचा असतो आणि पितळ मऊ. सोलेक्स आणि वेबर जेटवर कोरलेला आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. १२० म्हणजे १.२० मिमी. पोलादी तारेनं तो जेमतेम ०.०५ मिमीनं घासला गेला तर १२० चा १२५ होतो. छिद्राचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानुसार वाढतं, त्यामुळे पेट्रोल सुमारे साडेआठ टक्क्यांनी जास्त येऊ लागतं. जेटवर आकडा मात्र १२० चाच राहतो! पुढचा मिस्त्री तो वाचतो आणि दोष भलतीकडे शोधत बसतो.

जेट काढून कार्ब क्लीनरमध्ये भिजवावा, कॉम्प्रेसरच्या हवेनं दोन्ही बाजूंनी फुंकावा आणि प्रकाशाकडे धरून आरपार गोल छिद्र दिसतं का ते पाहावं. अगदीच अडलं असेल तर नायलॉनचा एखादा धागा चालतो, धातू नाही. पूर्वी कुणी टोचल्याची शंका असेल तर जेट नवाच घ्यावा, कारण मोठं झालेलं छिद्र पुन्हा लहान होत नाही.

गैरसमज ३: पिकअप नाही म्हणजे कार्बोरेटर गेला.

वस्तुस्थिती: कार्बोरेटर सगळ्यांना दिसतो आणि स्क्रूनं हलवता येतो, म्हणून आळ त्याच्यावर येतो. पण पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लगच्या वायरी, टायमिंग आणि टॅपेट यांचे दोष अगदी तशीच लक्षणं दाखवतात. पद्मिनीसारख्या पॉइंटच्या गाडीत पॉइंटचं अंतर साधारण ०.४ ते ०.५ मिमीच्या दरम्यान असतं. पॉइंटची टाच झिजली की हे अंतर कमी होतं, टायमिंग मागे पडतं आणि चढावर गाडीला दमच राहत नाही. अशा गाडीत कितीही ट्यूनिंग केलं तरी उपयोग शून्य.

फरक ओळखायला एक साधी खूण आहे. करंटचा दोष बहुतेक वेळा झटक्यानं येतो आणि झटक्यानं जातो, जणू कुणी बटण बंद-चालू करतंय. पेट्रोलचा दोष हळूहळू येतो. गाडी आधी मऊ पडते, मग गुदमरते, मग थांबते. ही खूण दर वेळी बरोबर ठरते असं नाही, पण तपासाची सुरुवात कुठून करायची ते ती सांगते.

वळणानंतर पॅडल दाबल्यावर गाडी क्षणभर गप्प होऊन मग उसळत असेल, तर ॲक्सिलरेटर पंपाचा डायाफ्राम बघा. इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढा, घशात डोकवा आणि हातानं ॲक्सिलरेटरचा दांडा ओढा. ओढताक्षणी पेट्रोलची बारीक, सरळ धार दिसली पाहिजे. धार उशिरा आली, थेंब थेंब आली किंवा आलीच नाही, तर दोष सापडला. तपासायला अर्धं मिनिट लागतं आणि हत्यार काहीच लागत नाही. फक्त त्या वेळी जवळपास बिडी-सिगारेट नको.

गैरसमज ४: मिक्श्चरचा स्क्रू आवळला की ॲव्हरेज वाढतं.

वस्तुस्थिती: या स्क्रूचा अंमल आयडलवर आणि पॅडल जरासं दाबेपर्यंतच चालतो. कर्जत-खोपोली रस्त्यावर साठच्या वेगानं जाताना पेट्रोल मुख्यतः मेन जेटमधून येतं. स्क्रू पूर्ण आवळला तरी त्या पेट्रोलमध्ये फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आयडलला. इंजिन थरथरतं, तापतं, पाय ठेवल्यावर अडखळतं. मग चालक जास्त रेस देतो आणि वाचवलेलं पेट्रोल दामदुपटीनं जातं.

योग्य पद्धत अशी: इंजिन पूर्ण गरम करा. स्क्रू हलक्या हातानं टेकेपर्यंत आत घ्या आणि दीड ते दोन फेरे बाहेर काढा. ही फक्त सुरुवात. मग पाव-पाव फेऱ्यानं फिरवत इंजिन सर्वात गोड आणि वेगानं चालेल ती जागा शोधा आणि शेवटी आयडलचा स्क्रू खाली आणा. आत घेताना जोर लावला तर सुईच्या टोकावर कायमची वळी पडते आणि पुढे ट्यूनिंग कधीच जमत नाही. स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिनच्या आवाजात काही फरक पडत नसेल, तर ती मोलाची माहिती समजा. एक तर स्लो जेट बंद आहे किंवा गाडी कुठून तरी हवा घेते आहे.

गैरसमज ५: चोक ओढल्यावर चालते ना, मग चोक ओढूनच घाट चढू.

वस्तुस्थिती: गरम इंजिन चोकशिवाय चालत नसेल तर त्याला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त मिळतेय. चोक तो दोष झाकतो, घालवत नाही. चोक ओढून चढलेला घाट इंजिनला महागात पडतो. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल ताबडतोब बदलावं.

अशा वेळी जेटच्या आधी हवेच्या चोरवाटा बघा. कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग, मॅनिफोल्डचं पॅकिंग, ब्रेक सर्व्होकडे जाणारा पाइप, डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम पाइप. आयडलवर संशयाच्या जागी तेलाच्या डब्यातून इंजिन ऑइलचे थेंब सोडा. आवाज बदलला तर हवा तिथूनच जाते. याच कामासाठी तापलेल्या इंजिनवर पेट्रोल किंवा क्लीनर फवारायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती कृपा करून वापरू नका. खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तापलेलं असतं.

जुन्या गाड्यांत आणखी एक चोरवाट हमखास सापडते, ती म्हणजे थ्रॉटलची दांडी. तीस-चाळीस वर्षांच्या वापरानं तिची बुशिंग झिजतात. दांडी बोटांत धरून वर-खाली हलवून पाहा. खडखड लागली तर हवा तिथून आत जाते आणि ती जेट साफ करून थांबणार नाही. लेथवर नवी बुशिंग बसवून घ्यावी लागतात. दहा वेळच्या साफसफाईच्या खर्चात हे एकदाचं काम होऊन जातं.

गैरसमज ६: घाटात हवा विरळ होते, म्हणून गाडी दमते, जेट बदलायलाच हवा.

वस्तुस्थिती: खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर, खंडाळा सुमारे साडेपाचशेवर. एवढ्या चढाईत हवेची घनता जेमतेम पाच टक्क्यांनी घटते. मिश्रण त्यामुळे अडीच टक्क्यांच्या आसपास दाट होतं. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, हवा सुमारे तीस टक्क्यांनी विरळ असते, तिथे जेटचा विचार रास्त आहे. आपल्या घाटात नाही. मागच्या एका टोचणीनं झालेली साडेआठ टक्क्यांची वाढ आठवा. पिनेनं केलेलं नुकसान बोरघाटाच्या उंचीपेक्षा तिप्पट मोठं असतं.

गाडी दमते ती चढामुळे. माणसांसह बाराशे किलोची पद्मिनी जवळपास पाचशे मीटर उचलायची, तर नुसत्या त्या उचलण्याला कागदावरच्या हिशेबानं पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. १०८९ सीसी आणि चाळीसेक अश्वशक्तीच्या इंजिनाला हे ओझं लहान नाही. याच घाटातल्या १ : ३७ च्या चढासाठी बहुतेक आगगाड्यांनाही कर्जतला मागून ढकलणारं बँकर इंजिन जोडतात. चढावर दुसऱ्या गिअरला उतरावं लागणं हा बिघाड नव्हे.

बिघाड कोणता ते गाडी दुसऱ्या भाषेत सांगते. थोड्या पॅडलवर ठीक चालते, पण पूर्ण दाबल्यावर घशातून 'फट्' करत उलट ठोका येतो, याचा अर्थ पेट्रोल कमी पडतंय. मग मेन जेट, फिल्टर किंवा एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा यांत्रिक पंप) बघा. पंपाचा पाइप सोडून बाटलीत धरा आणि स्टार्टर फिरवा. ठोक्याठोक्यानं दमदार धार पडली पाहिजे. काळा धूर आणि पेट्रोलचा वास येत असेल तर उलट. फ्लोटची सुई झिजलेली असेल किंवा फ्लोट फुटलेला असेल. पितळी फ्लोट कानाजवळ हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. गरम पाण्यात बुडवला तर बुडबुडे छिद्राची जागा दाखवतात. आणि दोन घशांच्या गाडीत अर्ध्या पॅडलपर्यंत जोर, पुढे काहीच नाही, असं असेल तर दुसरा घसा उघडत नाही. दांडा अडकलेला असतो, किंवा घसा व्हॅक्यूमवर उघडणारा असेल तर डायाफ्राम फाटलेला असतो.

गैरसमज ७: मोठा कार्बोरेटर बसवला की ताकद वाढते.

वस्तुस्थिती: शर्यतीच्या गाडीला खरं, घाटातल्या गाडीला बहुधा खोटं. पेट्रोल ओढलं जातं ते गळ्यातल्या हवेच्या वेगामुळे. गळा २४ मिमीचा होता आणि तुम्ही २८ चा बसवला, तर तेवढ्याच हवेला वाट मोठी मिळते आणि वेग घटतो. पेट्रोल ओढणारी ताकद वेगाच्या वर्गानुसार कमी होत जवळजवळ निम्म्यावर येते. पाच हजार फेऱ्यांना हा तोटा जाणवणार नाही, उलट फायदाच होईल. पण घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाजवळच्या वळणावर इंजिन दोन हजार फेऱ्यांवर असतं. तिथे गाडी अडखळते, थेंब मोठे राहतात, जळण अर्धवट होतं. इंजिनचे व्हॉल्व्ह, कॅम आणि एक्झॉस्ट मूळचेच असताना नुसता गळा मोठा करणं म्हणजे लहान विहिरीला मोठा पंप लावणं. ज्यांना खरोखर वेग हवा आहे त्यांनी आधी मूळ कार्बोरेटर कंपनीच्या मापात आणावा. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

गैरसमज ८: चढून थांबल्यावर गाडी सुरू होत नाही, तर पॅडल मारत राहा; आणि पंपावर ओलं फडकं घालणं हा अडाणीपणा आहे.

वस्तुस्थिती: यातलं पहिलं वाक्य बहुधा घात करतं. दुसऱ्यात ज्याला अडाणीपणा म्हटलंय, तो अस्सल शहाणपणा आहे.

पेट्रोलचा हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांनाच उकळू लागतो. चढावर वेग कमी म्हणून वारा कमी आणि इंजिन तापलेलं. गाडी थांबवली की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि पुढची दहा-वीस मिनिटं कार्बोरेटर उलट आणखी तापत जातो. मग दोनपैकी एक घडतं. इंजिनच्या अंगाला बसवलेल्या एसी पंपात आणि पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ढकलू शकत नाही, कार्बोरेटर कोरडा राहतो. किंवा वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतं आणि इंजिन बुडतं. दोष परस्परविरुद्ध, लक्षण एकच: स्टार्टर फिरतो, इंजिन लागत नाही.

ओळखायचं कसं? गैरसमज ३ मध्ये सांगितलेली घशातल्या धारेची चाचणी करा. धार नाही, घसा कोरडा, तर वाफ अडकली. बॉनेट उघडा, पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं गुंडाळा, थोडं थांबा. फडक्यातलं पाणी उडून जाताना पंपातली उष्णता घेऊन जातं, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. मुंबई-पुणे टॅक्सीवाल्या फियाटच्या चालकांना हे पक्कं माहीत होतं. मात्र पाणी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ओतू नका, तापलेलं बीड अचानक गार झालं की तडकतं. डिस्ट्रिब्युटरवरही थेंब जाऊ देऊ नका.

घशातून पेट्रोलचा उग्र वास, प्लग ओला, तर इंजिन बुडालंय. इथे पॅडल मारत राहिलात तर प्रत्येक दाबाबरोबर पंप आणखी पेट्रोल ओततो. पॅडल एकदाच, सावकाश, तळापर्यंत दाबून तसंच धरा आणि स्टार्टर द्या. पूर्ण उघडलेल्या घशातून भरपूर हवा येते आणि जादा पेट्रोल बाहेर जातं.

कायमचा उपाय मात्र बॉनेटखालीच आहे. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला बेकलाइटचा जाड ठोकळा जागेवर आहे का, ते बघा. दुरुस्तीत तो पुष्कळदा हरवतो आणि त्याच्या जागी नुसतं कागदी पॅकिंग येतं. पाइप एक्झॉस्टपासून दूर न्या. आणि खंडाळ्याला पोचल्यावर दोन मिनिटं आयडलवर ठेवून मगच गाडी बंद करा.

गैरसमज ९: इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनी गाडी संपलीच. किंवा याच्या उलट: काही फरक पडत नाही.

वस्तुस्थिती: दोन्ही टोकं चुकीची. २०२२ मध्ये देशानं पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा.  शुद्ध पेट्रोलला जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ पट. वीस टक्के मिश्रणाला सुमारे साडेतेरा पट. नव्या गाडीचा संगणक हे ओळखून जास्त पेट्रोल सोडतो, पण कार्बोरेटरचं छिद्र ठरलेलं असतं. त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर बसवलेली जुनी गाडी आज आठएक टक्क्यांनी कोरडी, म्हणजे गरजेपेक्षा कमी पेट्रोलवर, चालते. पॅडल देताना अडखळणं, चढावर जास्त तापणं, प्लग पांढरट पडणं ही तिची भाषा. बाकी सगळं तपासून झाल्यावर जाणकाराकडून मेन जेट एक पायरी मोठा, १२० चा १२५, करून घेणं हा हिशेबात बसणारा उपाय आहे. माप तेच, जे पिनेनं अपघातानं होतं. फरक एवढाच, की इथे ते जाणून, मोजून आणि आकडा नोंदवून केलेलं असतं.

जास्त काळजी रबराची घ्यावी. जुने पाइप, पंपाचे डायाफ्राम आणि सुईचं रबरी टोक इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं किंवा चिरतं. चिरलेला पाइप आणि खाली तापलेलं एक्झॉस्ट म्हणजे आगीला आमंत्रण. इथेनॉल चालेल अशा दर्जाचे पाइप आणि डायाफ्राम एकदा बसवून घ्या, आणि गाडीत अग्निशामक ठेवाच. इथेनॉल पाणीही शोषतं. पाण्याचं प्रमाण हाताबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात, आणि टाकीतला पाइप नेमका तळातूनच ओढतो. पावसाळाभर झाकलेल्या गाडीनं दसऱ्याला पहिला घोट पाण्याचा घेतला, तर दोष कार्बोरेटरला देऊ नये.

गैरसमज १०: घाट उतरताना सायलेन्सरमधून फटाके वाजतात, म्हणजे इंजिन जोरात आहे.

वस्तुस्थिती: पाय काढून गिअरवर उतरताना इंजिनला फक्त स्लो सर्किटचं पेट्रोल मिळतं. मिश्रण फार कोरडं असेल तर ते पेट्रोल सिलिंडरमध्ये जळत नाही, तसंच सायलेन्सरमध्ये जातं आणि एक्झॉस्टच्या जोडातून आत आलेल्या हवेबरोबर तिथे पेटतं. एक्झॉस्टचं पॅकिंग आणि आयडलचं मिश्रण, या दोन जागा तपासा. आणि पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून कधीही उतरू नका. इंजिन बंद झालं की ब्रेक सर्व्होचा व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो, आणि बोरघाटाच्या उतारावर ती बचत जिवाशी खेळणारी असते.

आता तपासाचा क्रम. आधी टॅपेट आणि कॉम्प्रेशन, मग पॉइंट, करंट आणि टायमिंग, मग हवेच्या चोरवाटा, मग टाकीपासून पंपापर्यंतचा पुरवठा, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. एका वेळी एकच बदल, आणि त्या बदलानंतर एकदा त्याच वाटेवरून चालवून पाहणं. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक लहान वही ठेवा. थंड की गरम, आयडलला की चढावर, वळणावर की सरळ, पाय ठेवताना की काढताना, एवढंच त्यात लिहा. महिन्याभरात ती वही अशी बोलकी होते, की मिस्त्रीच्या हातात दिली तर निम्मं निदान झालेलं असतं. कॉन्टेसाच्या त्या दोन उन्हाळ्यांत माझ्याकडे अशी वही असती, तर "फक्त गरम झाल्यावर, अर्ध्या तासानं आपोआप ठीक" ही एकच ओळ चार दुरुस्त्या वाचवून गेली असती.

घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. वरखाली करणारे चालक आजही तिथे गाडी हळू करून नाणं टाकतात. इंग्रजांना डोंगरातून वाट सापडेना, तेव्हा ती शिंग्रोबा नावाच्या धनगरानं दाखवली, असं इथले लोक सांगतात. मोजमापाची साधनं साहेबांकडे होती, पण वाट त्याला ठाऊक होती, कारण तो मेंढरांमागे रोज तिथून चालत होता. जुन्या गाडीचंही तसंच आहे. ती रोज कुठं अडते ते तिच्या मालकाइतकं कुणी पाहिलेलं नसतं. पुढच्या वेळी चढावर ती गुदमरली, तर स्क्रू ड्रायव्हर काढण्याआधी वही काढा.